दोनदा वाजलेली घंटा

“आई, थांब की जरा,” मी मागून ओरडले.

ती थांबली, पण वळली नाही. टॉर्चचा उजेड पायरीच्या कडेला धरून, वाकून काहीतरी बघत राहिली. मी धापा टाकत तिच्यापाशी पोचले तेव्हा ती एका ओल्या दगडावरच्या शेवाळावरून बोट फिरवत होती.

“दम लागला?”

“नाही.”

“मग थांब कशाला म्हणालीस?”

ती वळणाआड गेली होती आणि दहा सेकंद मला दिसली नव्हती, हे खरं कारण. त्या रात्री तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही असं मी ठरवूनच निघाले होते.

मी सोळा वर्षांची होते. दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि आई मला घेऊन श्रीलंकेत आली होती. तिची कॉलेजातली मैत्रीण, चारूमावशी, कँडीला राहायची. मावशीचे यजमान तिथल्या एका कापडाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. बाबा सांगलीतच थांबले. बँकेतली मार्चएंडची कामं उरकायची आहेत, म्हणाले. इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग श्रीपादाच्या डोंगरावर रात्रभर चढून सूर्योदय बघायचा बेत ठरला, आणि निघायच्या आदल्या दिवशी मी सेफ्टी पिन शोधायला आईच्या पर्समध्ये हात घातला.

पिना होत्या. पिनांखाली चार घड्या घातलेला एक कागदही होता. विमानाचं तिकीट, कोलंबो ते मुंबई, एकवीस एप्रिल. प्रवासी : ऋजुता श्रीकांत आठल्ये. म्हणजे मी. मी आईचं नाव शोधलं. कागद उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती. येताना एकाच कागदावर आम्हा दोघींची नावं होती, एकाखाली एक, आणि मुंबईच्या विमानतळावर तो कागद मीच हातात धरला होता.

मी तिकीट होतं तसं घडी करून ठेवलं आणि आईचा पासपोर्ट काढून माझ्या सॅकच्या तळाशी, मोज्यांच्या जोडीत खुपसला. पासपोर्ट नसला तर तिला माझ्याबरोबर घरीही येता येणार नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तिला माझ्याशिवाय कुठं जाता येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

“अगं बायांनो, थांबा!” खालून चारूमावशीचा आवाज आला. एका हातानं गुडघा आणि एका हातानं कठडा धरून ती एकेक पायरी चढत होती. “वैजू, तू बकरी आहेस गं. तुझ्याबरोबर माझ्यासारख्या म्हशीनं कसं चढायचं? आणि ही तुझी पोर! दोन दिवस बघतेय, नुसती चिकटलीय तुला. अगं, मोकळी सोड की आईला थोडी!”

“मी कुठं धरलंय?” मी म्हटलं.

“बघ, उलट बोलते. अगदी तुझ्यावर गेलीय.”

आई हसली. मला ते हसणं आवडलं नाही. गेले दोन दिवस तिचं काहीच आवडत नव्हतं. ती सांगलीत असायची त्यापेक्षा इथं हलकी दिसत होती, आणि तो हलकेपणा माझ्या एकटीच्या तिकिटाशी जोडलेला आहे असं मला वाटत होतं.

शिवाय रत्नायके होता. हे नाव मी दोनदा ऐकलं होतं. एकदा चारूमावशीच्या स्वयंपाकघरात, मी आत गेल्या गेल्या दोघी गप्प झाल्या तेव्हा. आणि दुसऱ्यांदा चढायला निघायच्या आधी, संध्याकाळी, डोंगराच्या पायथ्याच्या लॉजमध्ये. आम्ही भात खात होतो. फोन वाजला. आईनं नाव बघितलं, चारूमावशीला हळूच “रत्नायके” म्हणाली, उष्टा हात तसाच धरून बाहेर गेली आणि मागं दार ओढून घेतलं. दारातून एकच शब्द आत आला. “मंडे.” मग पुन्हा, जास्त मोठ्यानं, “मंडे!” भांडत असल्यासारखा. सोमवारी अठरा एप्रिल. एकवीसच्या आधी.

“कोणाचा फोन होता?”

“कामाचा.”

“तुझं कसलं काम इथं?”

“भात खा, गार होतोय,” चारूमावशी मधेच म्हणाली.

आई ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तासिका तत्त्वावर, चौदा वर्षं. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज, दर एप्रिलमध्ये नाव कमी. त्या कॉलेजातल्या शिपायानंसुद्धा तिला कधी रात्री फोन केला नव्हता. इथं परदेशात कोण कशाला करेल?

पायऱ्या संपत नव्हत्या. वर बघितलं की दिव्यांची माळ थेट आभाळात गेल्यासारखी दिसायची. पांढऱ्या कपड्यांतली माणसं चढत होती, उतरत होती. म्हाताऱ्या बायका अनवाणी चालत होत्या. एका बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर होतं, त्याचा पाय प्रत्येक पायरीला हलत होता. मी एका चहाच्या टपरीपाशी थांबले आणि चारूमावशीला विचारलं, “अजून किती राहिलं?”

“श्श,” आई म्हणाली. “इथं असं विचारायचं नसतं.”

“का?”

“किती राहिलं ते या डोंगरावर कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. पद्धत आहे.”

“तुला कसं माहीत?”

“चारूनं सांगितलं बसमध्ये.”

बसमध्ये मी दोघींच्या मधे बसले होते. साडेचार तास. चारूमावशीनं साड्यांबद्दल सांगितलं होतं, कामवालीबद्दल, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल. डोंगराबद्दल अक्षर नाही.

त्यानंतर मी पुरावे गोळा करायला लागले. झऱ्यापाशी आलो तेव्हा लोक खाली वाकून तोंड धूत होते. आई कुणाकडं न बघता त्या गर्दीत शिरली, ओंजळीत पाणी घेऊन कपाळाला लावलं आणि मग माझ्या कपाळाला लावलं. बर्फासारखं पाणी. मी दचकले.

“हेही चारूमावशीनं सांगितलं?”

“लोक करतायत ते दिसतंय की.”

झऱ्याच्या थोडं वर एक टपरी होती. चारूमावशी तिथल्या बाकड्यावर धप्पकन बसली. “झालं माझं. तुम्ही जा. मी इथंच बसते, उतरताना गाठा मला. गेल्या वेळीपण माझे गुडघे इथंच...”

ती थांबली. आईनं तिच्याकडं बघितलंही नाही. मुद्दाम न बघितल्यासारखं.

“गेल्या वेळी म्हणजे कधी, मावशी?”

“अगं, ह्यांच्याबरोबर आले होते ना मी. ह्यांच्या ऑफिसचे लोक होते.” मग टपरीवालीकडं वळून सिंहलीत भराभर काहीतरी बोलली. टपरीवालीनं माझ्या हातात कोरा चहा आणि गुळाचा खडा ठेवला. गूळ दाताखाली धरायचा आणि वरून चहा प्यायचा. आईनं तिचा खडा कुणी न सांगता तसाच दाताखाली धरला होता.

मग आम्ही दोघीच उरलो.

शेवटचा चढ उभा होता. पायऱ्या गुडघ्याएवढ्या, मधे लोखंडी कठडा. वारा असा की कानातली डुलं हलायची. मी आईच्या मागं एकच पायरी ठेवून चालले होते. ती घसरली तर मी धरीन म्हणून नव्हे. ती पळाली तर धरीन म्हणून. इतक्या गर्दीत, उभ्या डोंगरावर, बेचाळीस वर्षांची बाई कुठं पळणार? पण त्या रात्री मला तसंच वाटत होतं. आता माझी मुलगी झोपेतसुद्धा माझ्या कुर्त्याचं टोक मुठीत धरून असते. ती मूठ सोडवताना मला तो चढ आठवतो.

“आई, सोमवारी काय आहे?”

ती आणखी दोन पायऱ्या चढली.

“वर जाऊ. मग सांगते.”

“आत्ता सांग.”

“आत्ता श्वास पुरत नाहीये गं.”

“माझा पुरतोय.”

“तुझा पुरतोय म्हणून तू बोल,” ती म्हणाली. तिच्या आवाजात चिडचिड नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मी मनात सगळं तयार करून ठेवलं. वर पोचलो की विचारायचं, रत्नायके कोण. ती खोटं बोलली तर तिकीट तिच्या तोंडावर फेकायचं. खरं बोलली तर काय करायचं, ते ठरवलं नव्हतं.

वर पोचलो तेव्हा पूर्वेला आभाळ करड्या रंगाचं झालं होतं. चपला काढून लोक गारठलेल्या फरशीवर दाटीनं बसले होते. दगडात उमटलेलं बुद्धाचं पाऊल असलेल्या छोट्या देवळासमोर रांग होती. दर्शन झाल्यावर लोक एका बाजूला टांगलेल्या घंटेकडं जात होते. आई पुढं झाली. घंटेची दोरी हातात घेतली आणि एक टोल दिला. त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबली. मग दुसरा टोल दिला. दोरी लगेच सोडली नाही. क्षणभर हातात धरून ठेवली आणि मग मला दिली.

मी, आपण गणपतीच्या देवळात देतो तसे, ठणाठणा टोल दिले. चार, पाच, सहा. हात गारठले होते, जोर काढायला बरं वाटलं.

आजूबाजूची माणसं हसायला लागली. लोकरीचा मफलर गुंडाळलेले एक आजोबा पुढं आले आणि इंग्रजीत म्हणाले, “सहा वेळा? बाळ, वय काय तुझं?”

“सोळा.”

“मग आईच्या पोटात असल्यापासून चढतेस की काय?” बायका पुन्हा हसल्या. त्यांनी मला समजावून सांगितलं. हा डोंगर माणूस जितक्या वेळा चढला असेल, तितकेच टोल. पहिल्यांदा आलं तर एक. त्यांनी स्वतः आज एकोणीस दिले होते. “तुझे पाच उसने झाले,” ते म्हणाले. “आता पाच वेळा यावं लागेल.”

मी हसले असेन, आठवत नाही. मी आईकडं बघितलं. ती कठड्यापाशी उभी होती आणि माझ्याकडंच बघत होती. आजोबांचं बोलणं तिनं ऐकलं होतं. ते ऐकायच्या आधीच तिला ठाऊक होतं.

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

“दोन,” मी म्हटलं.

“हो.”

“एक आजचा.”

“हो.”

“आणि एक?”

“तू तिसरीत होतीस.”

मला तिसरी आठवत होती. आई तेव्हा बारा दिवस ट्रेनिंगसाठी पुण्याला गेली होती. माझी वेणी बाबा घालायचे, आणि ती शाळेत पोचेपर्यंत सुटायची.

“पुण्याचं ट्रेनिंग.”

“पुण्याला नव्हते मी.”

“रत्नायकेकडं होतीस?”

तिनं चमकून बघितलं आणि मग इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. “अगं, रत्नायके सर अडुसष्ट वर्षांचे आहेत! कानानं अधू. फोनवर एकेक शब्द दोनदा ओरडावा लागतो.” मग तिचं हसू थांबलं. “असं वाटत होतं तुला? दोन दिवस?”

“तिकीट बघितलं मी. माझं एकटीचं.”

“कळलं मला. तू तीन घड्या घालून ठेवलंस. माझ्या चार होत्या.”

पूर्वेला तांबडं फुटत होतं. लोक उठून उभे राहायला लागले, आम्हीही ढकलले गेलो. त्या गर्दीत, माझ्या कानाजवळ तोंड आणून तिनं सांगितलं. तेही सलग नाही. लोक हात जोडून “साधू, साधू” असा गजर करायला लागले की थांबायची आणि ओसरले की पुन्हा बोलायची.

खालच्या डोंगरात चहावर संशोधन करणारं एक केंद्र आहे. चहाच्या पानांवर बुरशीनं फोड येतात, तिचा अभ्यास चालतो. आईनं एम.एस्सी.ला बुरशीवरच काम केलं होतं आणि लग्नानंतर ते कागद माळ्यावर गेले होते. चारूमावशीनं रत्नायके सरांना तिचं नाव सांगितलं. त्यांनी बोलावलं. बाबांना ट्रेनिंग सांगून ती आली, मुलाखत दिली आणि निवडली गेली. परतायच्या आधी दोघी मैत्रिणी हा डोंगर चढल्या. वर आल्यावर तिनं नक्की केलं, नोकरी घ्यायची.

“मग?”

“मग खाली उतरले. चारूच्या घरी आले आणि घरी फोन लावला. सांगायचंच होतं. फोन तू उचललास. तुझ्या आत्याचा डबा त्या दिवशी आला नव्हता. तू म्हणालीस, आई, बाबा विचारतायत, डाळीला किती शिट्ट्या?”

“एवढंच?”

“एवढंच. मी शिट्ट्या सांगितल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानानं आले.”

सूर्य वर आला. सगळे पूर्वेला बघत होते. मी तिच्याकडं बघत होते.

“बाबांना माहीत आहे?”

“त्या वेळचं नंतर सांगितलं. ‘बरं’ म्हणाले. पुढं आठ वर्षं कधी विषय काढला नाही. आता सरांनी पुन्हा विचारलंय, दोन वर्षांसाठी. तुझं तिकीट बाबांनीच काढून दिलं. माझं काढलं नाही. म्हणाले, ‘तू ठरव. ऋजूची परीक्षा होईपर्यंत मात्र तिच्याशी बोलू नकोस.’ सोमवारी उत्तर द्यायचंय.”

“घंटा एकदाच वाजवली असतीस तर मला कळलंच नसतं.”

“तुझ्याशी खोटं बोलले ते बोलले,” ती म्हणाली. “इथं येऊन खोटी घंटा वाजवायची म्हणजे अतीच झालं.”

“मग आता काय?”

“तू ये म्हणालीस तर येईन. मनापासून येईन. तोंड पाडून नाही.”

मला एकदम राग आला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे परत माझ्यामुळंच. मला नको विचारूस असलं. मी काय सांगायचं?”

“बरं. नाही विचारत.” मग हात पुढं केला. “पासपोर्ट दे माझा.”

मी मोज्यांच्या जोडीतून पासपोर्ट काढून दिला. तिनं मोजाही मागून घेतला आणि हातमोज्यासारखा घालून बसली. माझी समजूत काढायचा प्रयत्न तिनं केला नाही.

उतरताना ऊन आलं. पोटऱ्या थरथरत होत्या, म्हणून दोघी शेजारी शेजारी, कठडा धरून उतरत होतो. मग खाली डोंगरांच्या कुशी मोकळ्या झाल्या, हिरव्यागार, विंचरल्यासारख्या. आईनं बोट दाखवलं. “तो मधला डोंगर दिसतो? त्याच्या पाठीमागं आहे ते केंद्र.” आणि ती बोलायला लागली. पावसाळी हवेत ती बुरशी कशी पसरते. कोवळ्याच पानावर का येते. पान आधी तेलकट दिसतं, मग फोड, मग भोक. फवारणी केली की चहाला वास लागतो, म्हणून दुसरा उपाय शोधायचाय. सर म्हणतात असं, पण तिला वाटतं तसं. एका वळणापासून तिसऱ्या वळणापर्यंत ती बोलत होती. वाटेत दोनदा पायरी चुकली, तरी बोलत होती. घरी माझ्याशी इतका वेळ ती फक्त माझ्या गणिताच्या मार्कांवर बोलायची. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. मी एकदाही मधे बोलले नाही.

टपरीच्या बाकड्यावर चारूमावशी भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपली होती. आईनं हलवलं तशी दचकून उठली आणि आधी माझ्या तोंडाकडं, मग आईच्या तोंडाकडं बघितलं.

“कळलं हिला?”

“कळलं.”

“बाई गं. मग? काय म्हणते?”

“काही म्हणत नाही. आणि तू विचारू नकोस.”

“मी कुठं विचारतेय?” असं म्हणून मावशीनं टपरीवालीला तीन चहा सांगितले आणि चष्मा पुसायला घेतला. एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होती.

“इथं रेंज आहे,” मी म्हटलं. “बाबांना फोन लावते.”

आईनं फोन दिला. एकाच रिंगमध्ये बाबांनी उचलला. फोनपाशीच बसून होते बहुतेक.

“ऋजू? पोचलात वर?”

“पोचलो. आता उतरलोय अर्ध्यावर.”

“सूर्य दिसला?”

“दिसला.”

“छान.” मागं आमच्या स्वयंपाकघरातला पंखा ऐकू येत होता. त्यांना विचारायचं होतं आणि ते विचारत नव्हते. माझ्या समोर आई चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसली होती. एका हातात अजून माझा मोजा होता. ती माझ्याकडं बघत नव्हती, खालच्या डोंगरांकडंही बघत नव्हती. नुसती कपात बघत होती.

“बाबा,” मी म्हटलं, “डाळीला किती शिट्ट्या?”

आईनं मान वर केली.

“तीन,” बाबा म्हणाले. लगेच, एक श्वासही न घेता. “मग गॅस बारीक करून पाच मिनिटं. वाफ गेल्याशिवाय झाकण काढायचं नाही. तूर जुनी असेल तर एक शिट्टी जास्त.”

“तुम्हाला कधीपासून येतं?”

“तू तिसरीत होतीस तेव्हापासून.” त्यांनी घसा खाकरला. “भातही येतो. वेणी अजून नीट येत नाही, पण आता तू तुझी घालतेस. आई आहे का तिथं?”

“आहे.”

“तिला सांग, मला येतं सगळं.”

मी बाकड्यावर आईकडं सरकले आणि फोन तिच्या कानाला लावला.

“तुम्हीच सांगा,” मी म्हटलं.